फॅन्सी गोल्डफिश : टँक केवढा घ्यावा आणि सोबत कोणते मासे चालतील? (नाशिक)

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. नात्यातल्या एकांकडून दोन फुटी टँक फुकट मिळतोय, २४ × १२ × १२ इंच. त्यात एक ओरांडा, एक ब्लॅक मूर आणि एक बबल आय (तिन्ही फॅन्सी गोल्डफिशच) ठेवायचा विचार आहे. दुकानात सगळे दीड-दोन इंचांचे दिसतात, म्हणजे जागा भरपूर होईल असं वाटतं. मुलीला सोबत गप्पी हव्यात. दुकानदार म्हणतो काच स्वच्छ राहायला एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) टाका.
पाणी महापालिकेचं, गच्चीवरच्या टाकीत साठतं. सोसायटीची बोअरही आहे. मासे अजून घेतलेले नाहीत, म्हणून आधी विचारतोय. एवढ्या टँकमध्ये हे बसेल ना? आणि थंडी सुरू होतेय, हीटर लागेल का?

ओरांडा_४२२
मासे आणायच्या आधी विचारलंत हे उत्तम. थोडक्यात सांगायचं तर तीन गोल्डफिश या टँकमध्ये बसणार नाहीत, आणि सकर व गप्पी मोठ्या टँकमध्येही नकोत. आता हिशोब मांडतो.

२४ × १२ × १२ म्हणजे २ घनफूट, बाहेरून ५६ लिटर. काचेची जाडी आणि वरचा दीड इंच मोकळा सोडला की पाणी साधारण ४८ लिटर उरतं. दीड इंची ओरांडा नीट खाऊपिऊ घातला तर १५ ते २० सेंटीमीटरचा होतो. वजन १०० ग्रॅम धरा, त्याहून जास्तही भरतं. असा मासा दिवसाला दीड ग्रॅम दाणे सहज संपवतो.

४० टक्के प्रथिनांच्या १ ग्रॅम दाण्यातून सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतं (दाण्याचं वजन × प्रथिनांचा अंश × ०.०९२, मत्स्यशेतीत हेच सूत्र वापरतात). तीन मोठे मासे, साडेचार ग्रॅम दाणे, म्हणजे रोजचे १६६ मिलिग्रॅम. ४८ लिटरमध्ये ते दिवसाला साडेतीन पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) होतात. फिल्टर कितीही चांगला असला तरी तो हे फक्त नायट्रेटमध्ये बदलतो, नाहीसं करत नाही. नायट्रोजनचं नायट्रेट झालं की वजन साधारण ४.४ पट होतं, म्हणून नायट्रेट रोज १५ पीपीएमने चढेल आणि आठवड्यात शंभरी ओलांडेल. नेहमीची पातळी ४० च्या आत राखायची असते, २० च्या जवळ असेल तर अजून बरं.

तेच तीन मासे ३ × १.५ × १.५ फुटांत (खरं पाणी १६० लिटर) ठेवले तर नायट्रेट दिवसाला साडेचार पीपीएमने चढतं. आठवड्यातून एकदा निम्मं पाणी बदललंत तर बदलाच्या आदल्या दिवशी ते ६० च्या पुढे असेल. दोनदा बदललंत तर तिशीत. ४ × १.५ × १.५ फुटांत (२१५ लिटर) एकदाच बदललं तर कमाल ४८ च्या आसपास, आणि झाडं असली तर त्याहून खाली.

म्हणजे लिटर ठरतात ते तुम्ही आठवड्याला किती पाणी खरंच बदलणार यावर. "एका माशाला अमुक गॅलन" हा नियम सगळे सांगतात, पण पाणी किती वेळा बदलायचं ते धरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. माझं मत : दोन माशांना तीन फुटी, तीन-चार माशांना चार फुटी.

मखमलाबाद_रोड
अहो पण "टँकच्या मापाएवढाच मासा वाढतो" असं सगळीकडे ऐकतो. मग लहान टँकमध्ये लहानच राहील की.

शुभदा_जलपरीक्षा
वाढ खुंटते हे खरं. पण ती खुंटते साचलेल्या घाणीमुळे आणि गर्दीमुळे. कणा वाकडा होणं, पोट फुगलेलं राहणं, डोळे शरीराच्या मानाने मोठे दिसणं, ही त्याचीच लक्षणं. नीट ठेवलेला फॅन्सी १० ते १५ वर्षं जगतो. बाउलमध्ये वर्षभरात जातो आणि लोक म्हणतात गोल्डफिशचं आयुष्यच तेवढं.

बाउलबद्दल एवढंच की तोंड अरुंद असतं, त्यामुळे हवेला लागणारा पृष्ठभाग कमी आणि ऑक्सिजन कमी. फिल्टर बसवायला जागा नाही. पुढे त्यावर लिहायची गरज नाही.

काचकाम_सातपूर
मापाबद्दल माझ्याकडून. उंचीवर पैसे घालू नका, लांबी-रुंदीवर घाला. फॅन्सी गोलमटोल असतात, त्यांना वरखाली करणं जड जातं. पाणी १२ ते १५ इंच पुरे. रांचू आणि बबल आयला १२ इंच. त्याऐवजी रुंदी १८ इंच ठेवा, मासा वळताना काचेला घासत नाही.

जाडी : ३ फूट लांब, १८ इंच उंच असेल तर ८ मिमी. ४ फूट लांब, १८ इंच उंच असेल तर १० मिमी. उंची वाढली की खालच्या काचेवर दाब वाढतो, लांबी वाढली की काच जास्त वाकते, म्हणून जाडी उंची आणि लांबीवर ठरते, लिटरवर नाही. स्वस्तात ४ फुटी टँक ६ मिमीत करून देणारे भेटतात, घेऊ नका. वरच्या काठाला आतून दोन-अडीच इंचांची पट्टी चारी बाजूंनी, आणि चार फुटीला मधोमध एक आडवी पट्टी. सिलिकॉन बुरशीरोधक लिहिलेलं नको, बाथरूमवाल्या ट्यूबमध्ये औषध असतं, ते माशांना घातक. भरायच्या आधी किमान तीन दिवस वाळू द्या, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे.

वजन : तीन फुटी काच ३३ किलो, पाणी १६०, म्हणजे २०० किलोच्या आसपास. चार फुटी २७० ते ३००. हे टीव्हीच्या टेबलावर ठेवायचं काम नाही. दीड इंची चौकोनी पाइपचा वेल्डिंग केलेला स्टँड, त्यावर १८ मिमी प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट. स्टँड भिंतीला लागून, शक्यतो बीमजवळ, खोलीच्या मधोमध नको. पाणसळ लावून चारी पाय एका पातळीत आणा. एक कोपरा खाली असेल तर काचेला पीळ पडतो आणि जोड महिन्याभराने फुटतो, त्या दिवशी काही कळत नाही.

पंचवटीकर
धन्यवाद. दोन फुटी रद्द करतो मग. पण सकर का नको? तो तर शेवाळ खातो ना?

ओरांडा_४२२
लहानपणी खातो. दुकानात दोन-तीन इंचांचा दिसणारा सकर बहुतेक वेळा सेलफिन किंवा कॉमन प्लेको असतो. तो एक-दीड फुटाचा होतो आणि स्वतःच एवढी घाण करतो की शेवाळ वाढतं. खरी अडचण रात्रीची. गोल्डफिश संथ, झोपेत तळाशी थांबतो. सकरला अंगावरच्या चिकट थराची चव लागली की तो बाजूला चिकटून खरवडतो. सकाळी अंगावर गोल पांढरट चट्टे दिसतात, मग तिथे बुरशी धरते. गोल्डफिश पळू शकत नाही, म्हणून चटक लागलेला सकर सुटत नाही.

मोठा झाल्यावर गोदावरीत सोडू असा विचारही नको. हेच मासे देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आलेत. गोल्डफिशही सोडायचा नाही.

काचेवरच्या शेवाळाला चुंबकी घासणी घ्या, आणि दिवा सहा-सात तासच लावा.

देवळाली_कॅम्प
गप्पींचं सोपं आहे. गोल्डफिशच्या तोंडात जे मावतं ते अन्न. चार-पाच इंची ओरांडा गप्पीची पिल्लं तर खातोच, मोठी मादीही गिळायचा प्रयत्न करतो. उलट गप्पी नर ओरांडाच्या लांब शेपटीला टोचत राहतात. मुलीला गप्पी हव्याच असतील तर वेगळा दीड-दोन फुटी टँक, आणि मग त्यात गोल्डफिश नाही.

शुभदा_जलपरीक्षा
सोबती निवडताना लोक आधी स्वभाव बघतात. माझ्या मते आधी तापमान बघावं, अर्धी यादी तिथेच गळते.

फॅन्सीला १८ ते २४ अंश मानवतं. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत घरातल्या टँकचं पाणी १६-१८ ला येतं, खिडकीजवळ असेल तर त्याहून खाली. निफाडकडे तर थंडी आणखी कडक. गोल्डफिशला यात हीटरची गरज नाही, फक्त दिवसरात्रीचा फरक दोन-तीन अंशांहून जास्त नको. एंजल, गप्पी, मोली, टेट्रा यांना मात्र २४ ते २८ हवं. त्यांच्यासाठी हीटर २६ वर लावला तर गोल्डफिश वर्षभर उन्हाळ्यात राहतो : जास्त भूक, जास्त घाण, आणि पाण्यात ऑक्सिजन कमी. २० अंशांना पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात. गोलमटोल शरीराच्या, वेन (डोक्यावरची मांसल वाढ) वाढलेल्या माशाला हा फरक जाणवतो.

ओरांडा_४२२
ताईंचं बरोबर. त्यावर माझी यादी जोडतो, दुकानात हमखास सुचवल्या जाणाऱ्या माशांची.

एंजल : डोळे आणि वेन टोचतो, तापमानही वेगळं. टायगर बार्ब, विडो टेट्रा : पंख कुरतडतात, दोन्ही नकोत. "शार्क" म्हणून विकतात तो पंगास मीटरच्या पुढे वाढतो. पॅरट, फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर तर विचारूच नका. मोली पंख आणि अंग दोन्ही चोखते. फायटर म्हणजे बेट्टाला उबदार, संथ पाणी हवं, आणि लांब शेपटी बघून तो भडकतो. कोई दोन फुटांचा होतो, त्याला तलाव लागतो.

कोरीडोरास अनेकांना सुरक्षित वाटतो, स्वभावाने तो आहेही. पण त्याच्या छातीच्या पराला कडक काटा असतो आणि भ्याला की तो काटा ताठ उभा करून अडकवतो. मोठ्या गोल्डफिशने तोंडात घेतला तर घशात रुततो, दोघेही जातात. ओटोसिंक्लसचंही तेच.

कोळंबी आणि छोट्या गोगलगायी हे खाणं समजा. मोठी ॲपल स्नेल जगते, पण तिच्या मिशा कुरतडल्या जातात.

मखमलाबाद_रोड
म्हणजे काहीच नाही? झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब वगैरे?

देवळाली_कॅम्प
रोझी बार्ब चालतो. आपल्याच देशातला मासा, १८-२२ अंशांत खूश, ७-८ सेंटीमीटरचा होतो म्हणून गिळला जात नाही. सहापेक्षा कमी घेतले तर तेच दुसऱ्यांच्या शेपट्यांच्या मागे लागतात. एका नराला दोन माद्या. चार फुटीतच.

ओरांडा_४२२
इथे माझा मतभेद आहे. रोझी बार्ब रिउकिन किंवा फॅनटेलसोबत चालेल, ते दोघेही चपळ. ओरांडाची शेपटी लांब आणि चाल संथ, त्यात सहा बार्ब म्हणजे दाणा पडला की बार्ब संपवणार. व्हेलटेल, बबल आय, सेलेस्टिअल यांच्यासोबत तर मुळीच नको. आणि ते सहा बार्बही पाण्यात घाण करतात, तो वाटा हिशोबात धरा. चार फुटीत तीन ओरांडांनंतर बार्बला लिटर उरतच नाहीत.

देवळाली_कॅम्प
दोन ओरांडा आणि सहा बार्ब धरूनच बोलतोय मी. दाणा दोन टोकांना टाकायचा : बार्बांना तरंगता एका कोपऱ्यात, पाठोपाठ बुडणारा दुसऱ्या टोकाला. जमतं. शेपटीचा मुद्दा मान्य, व्हेलटेलला नकोच.

ओरांडा_४२२
दोन ओरांडांना ठीक.
झेब्रा डॅनियो तापमानात बसतो, पण लहान. मोठ्या ओरांडाच्या तोंडात मावतो. व्हाइट क्लाउड त्याहून लहान. वेदर लोच (डोजो) थंड पाण्यातला, शांत आणि खरंच चांगला सोबती, पण २० सेंटीमीटरचा होतो, झाकण घट्ट हवं, आणि तो दुकानात क्वचितच दिसतो.

सगळ्यात चांगला सोबती दुसरा फॅन्सी. तेही जोडी बघून. नजर आणि वेग सारखा असेल असे एकत्र :
बबल आय, सेलेस्टिअल आणि टेलिस्कोप (ब्लॅक मूर यातलाच) एका गटात, कारण यांना नीट दिसत नाही.
ओरांडा, रांचू, लायनहेड दुसऱ्या गटात.
रिउकिन आणि फॅनटेल तिसऱ्या.
कॉमेट, शुबुंकिन यांना फॅन्सीसोबत ठेवू नये. एकेरी शेपटीचे, एक फूट वाढणारे आणि वेगवान, सगळं खाऊन टाकतात.

पंचवटीकर
म्हणजे माझे ओरांडा, मूर आणि बबल आय एका गटातले नाहीत. बबल आय काढू का?

शुभदा_जलपरीक्षा
हो, बबल आयला वेगळं घर. त्याच्या पिशव्या टोकदार दगडाला, प्लास्टिकच्या झाडाला, फिल्टरच्या तोंडाला लागून फुटतात. त्याच्या टँकमध्ये तळ रिकामा, स्पंज फिल्टर, प्रवाह नगण्य. त्याच्यासाठी ओरांडाच्या टँकचा प्रवाह बंद करणं योग्य नाही.

मूर आणि ओरांडा जमवता येतील. मूरला दाणा दिसत नाही, वासाने शोधतो. ओरांडाला एका टोकाला गुंतवून मूरच्या तोंडासमोर बुडणारा दाणा सोडायचा, लांब चिमटा किंवा नळी वापरून. रोज एकाच जागी. आठवड्याने मूर तिथे येऊन थांबायला शिकतो. सजावटीत टोकदार काही नको, डोळा खरचटला की तो कायमचा जातो.

मखमलाबाद_रोड
एक बारीक प्रश्न. तळाला गोटे टाकू का, वाळू, की मोकळा तळ? नुसती काच दिसायला कशीतरी वाटते.

काचकाम_सातपूर
मोकळा तळ. साफ करायला सर्वांत सोपा.

देवळाली_कॅम्प
बारीक वाळू, एक ते दीड सेंटीमीटर थर. गोल्डफिशचा स्वभाव तळ उकरायचा, दिवसभर वाळू तोंडात घेऊन थुंकतो. मोकळ्या तळावर त्याला काही उद्योग उरत नाही. थर जाड केला की खाली घाण कुजते.
दुकानातली रंगीत खडी मात्र नको. तीन ते दहा मिलिमीटरचा खडा नेमका तोंडात अडकतो. गोटे ठेवायचेच तर चार सेंटीमीटरहून मोठे, गोल.

ओरांडा_४२२
दोन्ही चालतात. पहिलं वर्ष मोकळा तळ ठेवा, विष्ठा किती पडते ते दिसेल, हात बसेल, मग वाळू. झाडं हवीत तर अनुबियास आणि जावा फर्न, लाकडाला सुपरग्लूने चिकटवून. बाकी बहुतेक झाडं उपटून खातात. हॉर्नवर्ट तरंगत ठेवा, थोडं खातील, थोडं नायट्रेट शोषेल.

पंचवटीकर
फिल्टर कुठला? दुकानात कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डबा) आणि टॉप फिल्टर (टँकच्या काठावर बसणारा खोका) दोन्ही आहेत. कॅनिस्टर महाग आहे.

ओरांडा_४२२
गोल्डफिशला टॉप फिल्टर बरा, असं माझं ठाम मत. गोल्डफिशची विष्ठा भरपूर असते, लोकर (घाण अडवणारा कापसासारखा थर) आठवड्याला धुवावी लागते. टॉप फिल्टरचं झाकण उचललं की लोकर हातात येते. कॅनिस्टर उघडायचा कंटाळा येतो, तो महिना-दोन महिने तसाच राहतो, आणि आत अडकलेली घाण कुजून नायट्रेट वाढतं. फिल्टरमध्ये दिसत नाही म्हणून घाण गेली असं नसतं.

खोक्यावर लिहिलेले लिटर प्रति तास हे पाणी वर न चढवता मोजलेले असतात. लोकर भरल्यावर आणि पाणी वर चढवल्यावर खरा प्रवाह बराच कमी. २०० लिटरच्या टँकला ताशी १५०० ते २००० लिटर लिहिलेला घ्या, आणि बाहेर येणारं पाणी छिद्रांच्या नळीतून पसरवा, म्हणजे जोर एका जागी येत नाही. पहिल्या कप्प्यात लोकर, पुढे सिरॅमिक रिंग. शिवाय एक स्पंज फिल्टर एअर पंपवर, आधार म्हणून. वीज गेल्यावर तो बॅटरीच्या पंपावर चालू ठेवता येतो. तास-दोन तासांहून जास्त वीज गेली तर मोठ्या गोल्डफिशला हवा लागतेच.

रिंग आणि स्पंज नळाखाली धुवायचे नाहीत, क्लोरीनने जिवाणू मरतात. बदलून काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळायचे.

शुभदा_जलपरीक्षा
आता पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नळाशी किमान ०.२ पीपीएम अपेक्षित असतं. गच्चीच्या टाकीत साठल्यावर काही उडतं, पण त्यावर विसंबू नका. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातला हायपो, १० ग्रॅम घेऊन १ लिटर पाण्यात विरघळवा. बाटलीवर चिठ्ठी लावा. प्रत्येक लिटर नव्या पाण्याला १ मिली द्रावण. ८० लिटर बदलायचं तर ८० मिली. बादलीत आधी हायपो, मग पाणी टँकमध्ये. जास्त क्लोरीनचा वास येईल त्या दिवशी दुप्पट घातलं तरी चालेल.

तापमान जुळवणं आपल्याकडे महत्त्वाचं. मे महिन्यात दुपारी गच्चीच्या टाकीचं पाणी ३५ च्या पुढे असतं, म्हणून पाणी सकाळी बदला. जानेवारीत उलट, पहाटे तेच पाणी १४-१५ ला असतं, तेव्हा दुपारी बदला. शंभर लिटरचं पिंप घरात भरून रात्रभर ठेवलं तर दोन्ही प्रश्न सुटतात.

मखमलाबाद_रोड
बोअरचं पाणी चालेल का ताई? महापालिकेचं पाणी काही वेळा दुरुस्तीसाठी बंद असतं.

शुभदा_जलपरीक्षा
चालतं, कडक पाणी गोल्डफिशला आवडतं. पण बोअरमध्ये नायट्रेट आधीच जास्त असू शकतं, विशेषतः द्राक्षबागा, शेती किंवा शोषखड्डे जवळ असतील तर. बोअरच्या पाण्याची नायट्रेट चाचणी एकदा करा. तेच ३०-४० निघालं तर पाणी बदलून नायट्रेट उतरणार कसं? मग नळाचंच वापरा. अचानक एका स्रोतावरून दुसऱ्यावर उडी नको, निम्मं-निम्मं मिसळत जा.

आणि केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) बघा. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यातली क्षारता वापरतात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमहून थोडी जास्त. गंगापूर धरणाचं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं, तेव्हा तुरटी जास्त पडते आणि केएच आणखी उतरतो. केएच ४ अंशांच्या खाली गेला तर पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. खाण्याचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच १ अंशाने वाढतो. दिवसाला त्याहून जास्त नको. बेकिंग पावडर नाही, सोडा. टँकमध्ये आधीच अमोनिया दिसत असेल तर सोडा घालायच्या आधी पाणी बदला : २५ अंशांना पीएच ७ असताना अमोनियाचा विषारी भाग सुमारे ०.६ टक्के असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर. तोच अमोनिया नऊपट घातक होतो.

चाचणीला थेंबांचा संच घ्या. पट्ट्या अमोनियाला बहुधा उपयोगी नसतात.

पंचवटीकर
म्हणजे मासे लगेच आणता येणार नाहीत?

शुभदा_जलपरीक्षा
टँक भरून, फिल्टर चालू करून आधी जिवाणू वाढवायचे. रासायनिक दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराईड आणा. कल्हईचा नवसागर तेच असतो, पण त्यात भेसळ काय आहे कळत नाही, म्हणून तो नको. १६० लिटरला १ ग्रॅम घातलं की अमोनिया २ पीपीएम होतो. रोज चाचणी. अमोनिया उतरायला लागतो, नायट्राइट (अमोनिया आणि नायट्रेट यांच्या मधला टप्पा) चढतं, मग तेही उतरतं. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा १ ग्रॅम. २ पीपीएम चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोनदा झालं की टँक तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून मासे.

उबेत हे तीन ते सहा आठवड्यांत होतं. १७-१८ अंशांत खूप रेंगाळतं, म्हणून थंडीत एवढ्या काळापुरता हीटर २६-२७ वर लावा. मासे आणायच्या आधी काढून टाका आणि पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तुमच्या हीटरच्या प्रश्नाचं उत्तर हेच : माशांसाठी नको, जिवाणूंसाठी हवा.

ओरांडा_४२२
तो फुकटचा दोन फुटी टाकू नका. त्यात विलगीकरण करा. नवा मासा तीन-चार आठवडे तिथे, रिकामा तळ, स्पंज फिल्टर. तो स्पंज आत्तापासूनच मोठ्या टँकमध्ये तयार करायला ठेवा. पाहायचं काय : अंग घासणं, एकाच गालाने श्वास घेणं (कल्ल्याचे कृमी), मिठाचे दाणे पडल्यासारखे ठिपके (इक), अंगातून बाहेर लोंबणारा धाग्यासारखा किडा (अँकर वर्म).
शंका असेल तर जाडं मीठ लिटरला ३ ग्रॅम, पण एकदम नाही, बारा-बारा तासांनी एकेक ग्रॅम. मीठ उडत नाही, पाणी बदललं तेवढ्याच लिटरचं पुन्हा घालायचं. अँकर वर्म आणि कल्ल्यांच्या कृमींना मीठ पुरत नाही, वेगळं औषध लागतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तापायला लागलं की नरांच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके येतात. ते रांगेत, फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या कडेला असतात. ते इक नाही, प्रजननाचं लक्षण, औषध घालत बसू नका. त्या काळात दोन-तीन नर आणि एकच मादी असेल तर तिला ढकलून जखमी करतात. मादीला काही दिवस त्या दोन फुटीत हलवा.

देवळाली_कॅम्प
उन्हाळ्याचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणी २९-३१ ला जातं. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावा. एक लिटर पाणी उडालं की १६० लिटर पाणी साडेतीन अंशांनी थंड होईल एवढी उष्णता घेऊन जातं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे मस्त चालतं, जुलैत दमट हवेत काहीच होत नाही. उडालेलं पाणी नळाच्या, हायपो घातलेल्या पाण्याने भरा. बोअरचं भरत राहिलात तर क्षार साचत जातात. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तासात चार अंश उतरतात आणि पुन्हा चढतात, तेच बाधतं. उष्ण दिवसांत खाणंही कमी, सकाळी एकदाच.

मखमलाबाद_रोड
खाण्याचं प्रमाण? आणि मटार द्यायचा म्हणतात तो का?

ओरांडा_४२२
दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल तेवढं. गोल्डफिशला पोटाची वेगळी पिशवी नसते, एकदम भरपूर दिलं तर अर्धं तसंच बाहेर येतं. तरंगता दाणा खाताना हवा गिळतो आणि फॅन्सी उलटा तरंगू लागतो, म्हणून बुडणारा दाणा. मटार उकडून, साल काढून, आठवड्यातून दोनदा, चोथा म्हणून. दोन दिवस उपाशी ठेवूनही मासा उलटा राहत असेल तर आधी पाण्याची चाचणी करा, दोष कायम खाण्याचाच असतो असं नाही. पाणी १५ च्या खाली गेलं तर खाणं निम्मं, १० च्या खाली बंद.

पंचवटीकर
ठरवलं. ४८ × १८ × १६ इंच, १० मिमी, दोन ओरांडा आणि एक मूर. रोझी बार्ब नाहीत. मुलीला बबल आय नाही म्हणून सांगायचंय, बघू. काचकाम साहेब, १६ इंच उंचीला मधली आडवी पट्टी लागेल का? टॉप फिल्टरचा खोका ती अडवेल असं वाटतंय.

काचकाम_सातपूर
पट्टी लागेलच, चार फूट लांबी आहे. मधोमध ठेवा, आठ इंच रुंद. दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाहून मोठी मोकळी जागा राहते. टॉप फिल्टरचा खोका अठरा इंचांपेक्षा लांब असेल तर तो मागच्या काठावर बसवा, पट्टीवर अजिबात टेकवू नका. ऑर्डर देण्याआधी फिल्टर घ्या आणि त्याचं माप घेऊन या.

या मापात खरं पाणी १९० लिटर येईल. ताईंच्या हिशोबाने अमोनियम क्लोराईड १.२ ग्रॅम लागेल, १ नाही. आणि विजेचा बोर्ड टँकच्या वर नको, बाजूला. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या वळणावरच ठिबकतं, प्लगपर्यंत जात नाही.